निवाडा सापडला, पण तो आजही लागू आहे का?

२०२३ सालची गोष्ट. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका खासगी विनाअनुदानित शाळेतून निवृत्त झाल्या. २६ वर्षे त्यांनी गणित शिकवले होते. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून त्यांनी संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे उत्तर चार ओळींचे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ सालच्या निकालानुसार शिक्षक हे ग्रॅच्युइटीच्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे ‘कर्मचारी’ ठरत नाहीत, सबब रक्कम देय नाही. सोबत निकालपत्राची झेरॉक्स जोडलेली होती.

बाई ती झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आल्या. मी वकील नाही. माझे काम प्रयोगशाळेतले. पण निकालपत्र वाचून पाहिले, तर निकाल अगदी खरा होता. १३ जानेवारी २००४ या तारखेचा, सर्वोच्च न्यायालयाचा. त्यात संस्था म्हणत होती तेच लिहिले होते. म्हणजे संस्थेच्या पत्रातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही पत्रातला निष्कर्ष चुकीचा होता! हे आम्हाला कळले ते विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयात. तिथल्या ग्रंथपालांनी संगणकासमोर बसून जेमतेम वीस मिनिटे शोध घेतला आणि पुढचा सगळा इतिहास आमच्यासमोर मांडला.

त्या वीस मिनिटांत संगणकाने नेमके काय केले? हजारो निकालपत्रांतून हवे ते त्याने कसे काढले? आणि खरा असलेला निकाल चुकीच्या निष्कर्षाकडे कसा नेतो? या प्रश्नांची उत्तरे शोधताना मला असे दिसले, की यात विज्ञानाच्या शिक्षकांना रस वाटावा असे बरेच काही आहे. तेच या लेखात सांगायचे आहे.

कायदा कुठे लिहिलेला असतो?

कायदा म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने मंजूर केलेला मजकूर, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच बरोबर आहे. कायद्याचा मजकूर थोडक्यात असतो आणि प्रत्यक्ष आयुष्यातले प्रसंग असंख्य असतात. एखाद्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, यावर वाद होतो. तो न्यायालयात जातो आणि न्यायालय अर्थ ठरवते. पुढे तसाच वाद आला, की आधीचा निर्णय दाखला म्हणून पुढे ठेवला जातो. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणून वकिलाला कायद्याचे पुस्तक जेवढे लागते, तेवढेच जुने निवाडेही लागतात.

हे निवाडे छापून प्रसिद्ध करण्याची परंपरा जुनी आहे. भारतातला असा एक प्रसिद्ध संग्रह म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ आणि त्याचे ठिकाण आपले नागपूर. कोर्टात ‘एआयआर’ असा जो उल्लेख ऐकू येतो तो याचाच. १९६९ पासून लखनौहून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ निघू लागले. त्याचे संक्षिप्त रूप ‘एससीसी’.

या संग्रहांमुळे प्रत्येक निवाड्याला एक पत्ता मिळतो. बाईंच्या झेरॉक्सवर ‘(२००४) १ एससीसी ७५५’ असे छापलेले होते. याचा अर्थ, २००४ सालच्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’चा पहिला खंड, पान ७५५. टपालाच्या पत्त्याप्रमाणेच हा पत्ता असतो. तो ठाऊक असेल तर खंड काढून पान उघडायला एक मिनिटही लागत नाही.

अडचण पुढेच आहे. पत्ता ठाऊक नसेल, फक्त विषय ठाऊक असेल, तर काय करायचे? आणि पत्ता ठाऊक असला, तरी त्या निवाड्याचे पुढे काय झाले, हे कसे कळणार? २००४ साली छापलेले पान २००९ साली काय घडले ते सांगू शकत नाही. छापील पानाला भविष्यकाळ नसतो.

गोंद लावलेल्या चिठ्ठ्या

या दुसऱ्या अडचणीवर एक साधा पण कल्पक उपाय अमेरिकेत निघाला. १८७३ साली इलिनॉय राज्यातल्या फ्रँक शेपर्ड यांनी मागे गोंद लावलेल्या छोट्या छापील चिठ्ठ्या विकायला सुरुवात केली. वकिलाने आपल्या कपाटातला खंड उघडायचा आणि त्या-त्या निवाड्याच्या समासात चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर काय असे? या निवाड्याचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निवाड्यांत झाला, त्यांचे पत्ते. म्हणजे जुन्या पानाला त्याचा भविष्यकाळ समासात जोडला जाई.

पुढे चिठ्ठ्यांची जागा जाडजूड ग्रंथांनी घेतली. त्यात नुसते पत्ते नव्हते, तर प्रत्येक पत्त्यापुढे एक अक्षर असे. नंतरच्या न्यायालयाने हा निवाडा मान्य केला असेल तर ‘एफ’, आपल्यासमोरची परिस्थिती वेगळी आहे म्हणून बाजूला ठेवला असेल तर ‘डी’, टीका केली असेल तर ‘सी’ आणि तो यापुढे ग्राह्य नाही असे जाहीर केले असेल तर ‘ओ’. एका अक्षरात निवाड्याची प्रकृती कळे! अमेरिकन वकिलांत या तपासणीला ‘शेपर्डाइझ करणे’ असे क्रियापदच रूढ झाले.

पहिल्या अडचणीवर, म्हणजे विषयावरून निवाडा शोधण्यावर, मिनेसोटा राज्यातल्या जॉन वेस्ट यांनी उपाय काढला. त्यांच्या कंपनीचे संपादक प्रत्येक निवाडा वाचत, त्यातला कायद्याचा एकेक मुद्दा काढून त्याचा सारांश लिहीत आणि त्या मुद्द्याला ठरावीक क्रमांक देत. ग्रंथालयात आपण पुस्तकांना दशांश वर्गीकरणाचे क्रमांक देतो तसेच हे. फक्त इथे पुस्तकाला नव्हे, तर मुद्द्याला क्रमांक.

इथे आमच्या विज्ञानाचा संबंध येतो. १९५३ च्या सुमारास यूजीन गारफील्ड हे तरुण संशोधक वैद्यकीय शोधनिबंधांची सूची कशी करावी या प्रश्नात गुंतले होते. तेव्हा शेपर्ड यांच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेअर या अधिकाऱ्यांनी त्या प्रकल्पाला पत्र लिहून सुचवले, की आमची पद्धत पाहा. गारफील्ड यांना कल्पना पटली. १९५५ साली त्यांनी ‘सायन्स’ या साप्ताहिकात लेख लिहून शास्त्रीय निबंधांसाठी अशीच सूची मांडली आणि १९६०च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आला. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, हे आज प्रत्येक संशोधक ज्या सूचीत पाहतो ती सूची वकिलांच्या चिठ्ठ्यांची नात आहे! १९९८ साली पेज आणि ब्रिन यांनी गूगलची रीत मांडली. एखाद्या पानाचे महत्त्व त्याच्याकडे येणाऱ्या दुव्यांवरून ठरवायचे, ही त्यातली मूळ कल्पनाही उल्लेख मोजण्याच्या याच परंपरेतली.

संगणकाची उलटी सूची

आता संगणकाकडे वळू. १९६०च्या आसपास पिट्सबर्ग विद्यापीठात जॉन हॉर्टी हे आरोग्यविषयक कायद्यांचे तज्ज्ञ काम करत होते. राज्याच्या सगळ्या कायद्यांमध्ये मतिमंद मुलांसाठी वापरलेला एक शब्दप्रयोग बदलून त्या जागी दुसरा घालायचा होता. तो शब्द कुठे कुठे आला आहे? माणसांनी वाचून केलेल्या याद्यांत चुका राहात होत्या. तेव्हा हॉर्टी यांनी कायद्यांचा मजकूरच संगणकात घातला आणि शब्द शोधायचे काम यंत्रावर सोपवले. १९६० साली त्यांनी अमेरिकन वकिलांच्या संघटनेसमोर याचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे १९६७ च्या सुमारास ओहायो राज्यातल्या वकिलांच्या संघटनेने अशा शोधयंत्रणेचा प्रकल्प हाती घेतला आणि त्यातून एप्रिल १९७३ मध्ये ‘लेक्सिस’ ही सेवा सुरू झाली. १९७५ साली वेस्ट यांच्या कंपनीने ‘वेस्टलॉ’ सुरू केली. वेस्टलॉमध्ये आरंभी संपादकांचे सारांशच होते, निवाड्यांचा पूर्ण मजकूर नंतर आला. हे सर्व इंटरनेट सर्वसामान्यांपर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधीचे. दूरध्वनीच्या तारेने जोडलेल्या खास यंत्रावर वकील शोध घेत.

आपण शब्द टंकित केला, की संगणक सगळी निकालपत्रे पहिल्यापासून वाचू लागतो, असे कित्येकांना वाटते. तसे केले तर फार वेळ लागेल. संगणक आधीच एक तयारी करून ठेवतो. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ती आठवा: ‘अपवर्तन – पान १२, ४०, ७७’. पुस्तकात पानावर शब्द असतात. सूचीत शब्दापुढे पाने असतात. म्हणून हिला उलटी सूची म्हणू. संगणक साठ्यातल्या प्रत्येक शब्दाची अशी सूची एकदाच करून ठेवतो. समजा, सूचीत असे आहे:

शिक्षक – निवाडा १, ४, ७, १२
ग्रॅच्युइटी – निवाडा ४, ७, ९

आपण ‘शिक्षक आणि ग्रॅच्युइटी’ असे विचारले, तर दोन्ही याद्यांत असलेले क्रमांक घ्यायचे: ४ आणि ७. ‘शिक्षक किंवा ग्रॅच्युइटी’ विचारले, तर १, ४, ७, ९, १२. हे आपले शाळेतले संचच आहेत! ‘आणि’ म्हणजे छेद, ‘किंवा’ म्हणजे संयोग, ‘नाही’ म्हणजे फरक. या बीजगणिताची मांडणी करणाऱ्या जॉर्ज बूल यांचा मुख्य ग्रंथ १८५४ सालचा. संच शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ असे विद्यार्थ्याने विचारले, तर हे उदाहरण जरूर द्यावे.

सूचीत केवळ निवाड्याचा क्रमांक नसतो, तर शब्द त्या निवाड्यात कितव्या स्थानी आहे तेही असते. त्यामुळे ‘हे दोन शब्द एकाच वाक्यात हवेत’ किंवा ‘एकमेकांपासून पाच शब्दांच्या आत हवेत’ असे विचारता येते. पहिल्या पानावर ‘शिक्षक’ आणि साठाव्या पानावर ‘ग्रॅच्युइटी’ असलेले निरुपयोगी निवाडे त्यामुळे गळतात. शिवाय इंग्रजी शब्दाचा आरंभीचा भाग लिहून पुढे उद्गारचिन्ह दिले, की त्या भागापासून सुरू होणारे सगळे शब्द येतात. मराठीत हे इतके सोपे नाही. ‘न्यायालय’वरून ‘न्यायालयाने’, ‘न्यायालयात’ सापडेल. पण ‘पाणी’ लिहिल्यावर ‘पाण्याचा’ सापडणार नाही, कारण विभक्ती लागताना शब्दाचे मूळच बदलते. मराठी मजकूर शोधणारी चांगली यंत्रणा करायची तर यंत्राला सामान्यरूप शिकवावे लागते!

सापडले किती, निसटले किती?

शोध चांगला झाला की नाही, हे कसे मोजायचे? यासाठी दोन मापे वापरतात. समजा, साठ्यात आपल्या कामाचे ५० निवाडे आहेत. शोध घेतल्यावर पडद्यावर ४० निवाडे आले आणि त्यातले ३० कामाचे निघाले. तर नेमकेपणा ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के. आणि पूर्णता ५० पैकी ३०, म्हणजे ६० टक्के.

या दोन मापांत एक मोठा फरक आहे. नेमकेपणा आपल्या डोळ्यांना दिसतो. पडद्यावरचे ४० वाचले की कळते. पूर्णता मात्र दिसत नाही, कारण जे २० निसटले ते पडद्यावर आलेलेच नाहीत. न सापडलेले आपल्याला कसे दिसणार?

ब्लेअर आणि मॅरॉन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली याची परीक्षा घेतली. एका मोठ्या कंपनीच्या दाव्यासाठी सुमारे ४०,००० दस्तऐवज, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख पाने, संगणकात घातलेली होती. अनुभवी वकिलांना सांगितले, की तुमच्या कामाचे किमान ७५ टक्के दस्तऐवज हाती आले असे वाटेपर्यंत शोध चालू ठेवा. वकील समाधानी झाल्यावर संशोधकांनी उरलेल्या दस्तऐवजांतून नमुने काढून तपासले. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच हाती आले होते! जे हाती आले त्यातले बहुतेक कामाचे होते, त्यामुळे शोध उत्तम झाला असे वकिलांना वाटत राहिले. दिसणारे माप चांगले होते, न दिसणारे वाईट.

असे का झाले? कारण माणसे एकाच गोष्टीला वेगवेगळे शब्द वापरतात. दाव्याच्या मुळाशी एक अपघात होता. पण अनेक पत्रांत त्याला ‘अपघात’ म्हटलेच नव्हते. कोणी ‘प्रसंग’ लिहिले, कोणी ‘घटना’, कोणी ‘परिस्थिती’, तर कोणी नुसते ‘ती अडचण’. आपल्याकडेही ‘वीज’ शोधायला जावे तर आकाशातली आणि तारेतली दोन्ही येतात, आणि ‘विद्युत्’ लिहिलेले निसटते.

ग्रंथालयातली वीस मिनिटे

आता बाईंच्या झेरॉक्सकडे परत येऊ. ग्रंथपालांनी शब्द टंकित करून शोध सुरू केलाच नाही. त्यांनी थेट २००४ च्या निवाड्याचा पत्ता दिला, निवाडा उघडला आणि ‘या निवाड्याचा उल्लेख पुढे कुठे झाला’ ही यादी मागवली. म्हणजे फ्रँक शेपर्ड यांची चिठ्ठी पडद्यावर आणली. यादी तारखेप्रमाणे लावून त्या सर्वांत अलीकडच्या निवाड्यापासून मागे वाचत गेल्या. आमच्यासमोर असा क्रम उभा राहिला.

३ एप्रिल १९९७ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या शिक्षणसंस्थांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू केला. पण कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचे, पर्यवेक्षकीय, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा, अशी होती. शिकवणे यातल्या कशात बसते? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कशातच बसत नाही. त्याबरोबर न्यायालयाने हेही नमूद केले, की शिक्षकांसाठी तरतूद करायची तर ते काम कायदे करणाऱ्यांचे आहे.

संसदेने ते केले. २००९ साली दुरुस्ती करून व्याख्या बदलली: कोणत्याही प्रकारचे काम, अंगमेहनतीचे वा अन्य, करणारा तो कर्मचारी. आणि ही दुरुस्ती मागल्या तारखेपासून, ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि शिक्षकांना ग्रॅच्युइटीची रक्कम व्याजासह द्यावी असा आदेश दिला.

इथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, २००४ चा निवाडा ‘चुकीचा होता’ असे कोणीच म्हटलेले नाही. त्या वेळच्या व्याख्येचा त्याने लावलेला अर्थ तेव्हा बंधनकारकच होता. पायाखालची व्याख्या बदलली, म्हणून त्यावरचा निष्कर्ष उरला नाही. तेव्हा नुसते ‘हा निवाडा कोणी फिरवला का?’ असे विचारून भागत नाही. ‘ज्या कायद्यावर तो उभा आहे, तो कायदा तसाच आहे का?’ हेही विचारावे लागते. दुसरी गोष्ट, २००९ च्या नव्या व्याख्येत ‘शिक्षक’ हा शब्दच नाही! शिक्षकांना न्याय देण्यासाठी केलेल्या दुरुस्तीचा मजकूर ‘शिक्षक’ हा शब्द देऊन शोधला, तर ती व्याख्या निसटते. ब्लेअर आणि मॅरॉन यांचा धडा इथे हुबेहूब लागू पडतो. शब्दाच्या वाटेने न जाता उल्लेखाच्या वाटेने गेल्यामुळेच ग्रंथपालांना ती पटकन सापडली.

आणि गोष्ट इथेही थांबलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९७२ च्या कायद्याची जागा तिने घेतली. म्हणजे आज कोणी हाच प्रश्न घेऊन ग्रंथालयात गेले, तर २०२२ च्या निवाड्याशी थांबून चालणार नाही. एक पायरी पुढे पाहावे लागेल.

ग्रंथालय पैसे कशाचे मोजते?

न्यायालयाचे निवाडे सर्वांचे असतात. ते कोणीही छापू शकतो. मग विधी ग्रंथालये या सेवांसाठी दरवर्षी मोठी वर्गणी का भरतात? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर २००७ मध्ये ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात एका परीने दिले आहे. निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे; पण संपादकाने आपली बुद्धी वापरून केलेली परिच्छेदांची मांडणी आणि इतर टिपा ही त्याची स्वतःची निर्मिती आहे. थोडक्यात, वर्गणी मजकुराची नसते. ती सारांशांची, वर्गीकरणाची आणि ‘पुढे काय झाले’ या जोडणीची असते.

विद्यापीठातल्या विधी ग्रंथालयात साधारणपणे तीन प्रकारच्या सेवा असतात. भारतीय निवाड्यांसाठी ‘एससीसी ऑनलाइन’ आणि ‘मनुपात्र’. परदेशी निवाड्यांसाठी ‘लेक्सिस’ आणि ‘वेस्टलॉ’. आणि कायद्याच्या जुन्या नियतकालिकांची पाने जशीच्या तशी पाहण्यासाठी ‘हाइनऑनलाइन’. लेक्सिस आणि वेस्टलॉ यांत निवाड्याशेजारी लाल, पिवळी अशी रंगीत चिन्हे दिसतात. लाल म्हणजे थांबा, आधी पुढचा इतिहास वाचा. शेपर्ड यांची अक्षरेच आता रंगांत बोलतात. या सेवा सहसा विद्यापीठाच्या आवारातल्या संगणकांवर किंवा नोंदणीकृत विद्यार्थी-अध्यापकांनाच उघडतात, कारण करार तसा असतो. बाहेरच्या माणसाने ग्रंथपालांना भेटून परवानगी विचारावी. आम्हीही तेच केले.

परवानगी मिळाली नाही तरी दारे बंद होत नाहीत. २००८ पासून ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ निवाडे विनामूल्य शोधू देते आणि एका निवाड्याचा उल्लेख पुढे कुठे झाला तेही दाखवते. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे अधिकृत निवाडे ‘ई-एससीआर’ या नावाने विनामूल्य खुले केले आहेत. त्याच वर्षी न्यायालयाने निवाड्यांना प्रकाशकनिरपेक्ष क्रमांक द्यायला सुरुवात केली: साल, न्यायालयाचे संक्षिप्त नाव आणि अनुक्रमांक. त्यामुळे निवाड्याचा पत्ता आता कोणा प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून राहिलेला नाही. केंद्रीय कायद्यांचा दुरुस्त्यांसह मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर आहे.

यंत्रच साक्षीदार, यंत्रच पंच

अलीकडे प्रश्न विचारताच सलग परिच्छेदात उत्तर लिहून देणारी यंत्रणा आली आहे. तिच्यावर विसंबून काय होऊ शकते, हे न्यूयॉर्कच्या ‘माता विरुद्ध एव्हियांका’ या खटल्यात २०२३ साली दिसले. वकिलांनी अर्जात सहा निवाड्यांचे दाखले दिले. नावे होती, पत्ते होते, न्यायालये होती. फक्त निवाडे अस्तित्वात नव्हते! संभाषण करणाऱ्या संगणक प्रणालीने ते रचून दिले होते. शंका आल्यावर वकिलाने त्याच प्रणालीला विचारले, की हा निवाडा खरा आहे का? ती ‘हो’ म्हणाली. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला.

या प्रणाली कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द शोभतील, ते प्रचंड मजकुरावरून शिकलेल्या असतात. उलट्या सूचीत नसलेला निवाडा शोधयंत्र कधीच दाखवू शकत नाही. ते फार तर ‘काही सापडले नाही’ म्हणते. भाषा रचणारी प्रणाली मात्र रिकाम्या जागीही शोभेलसे काही लिहू शकते. निवाड्याचा पत्ता ठरावीक साच्याचा असल्याने तो खरा भासवणे तिला सोपे जाते. म्हणून नियम साधा आहे: दाखला कोणीही दिलेला असो, तो स्वतंत्र साठ्यात उघडून वाचायचा, आणि मग त्याच्या पुढचा इतिहास पाहायचा.

वर्गात करून पाहा

या सगळ्यासाठी शाळेत संगणक असायलाच हवा असे नाही. शाळेच्या ग्रंथालयातले विज्ञानाचे एखादे जुने पुस्तक घ्या. आठवी-नववीच्या मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने पुस्तकातली पाच ठाम विधाने निवडायची आणि त्यांचे पुढे काय झाले ते शोधायचे. उदाहरणार्थ, ‘सूर्यमालेत नऊ ग्रह आहेत’ (२००६ साली प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली). ‘निष्क्रिय वायूंची संयुगे होत नाहीत’ (१९६२ साली नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग केले). ‘किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या वजनाचे वस्तुमान’ (२० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते).

मग गोंद लावलेली चिठ्ठी त्या विधानाशेजारी समासात चिकटवायची. चिठ्ठीवर साल, काय बदलले ते एका ओळीत, आणि एक अक्षर: ‘मा’ म्हणजे अजून मान्य, ‘म’ म्हणजे मर्यादित अर्थाने मान्य, ‘र’ म्हणजे रद्द. मुलांना एक प्रश्न आवर्जून विचारा: प्लूटोच्या बाबतीत निरीक्षण चुकले होते, की व्याख्या बदलली? आणि झेनॉनच्या बाबतीत? दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘र’ असले, तरी कारणे वेगळी आहेत. २००४ च्या निवाड्यात आपण नेमका हाच फरक पाहिला.

पुढच्या वर्षीच्या मुलांना ते पुस्तक द्या. त्यांनी आपल्या चिठ्ठ्या जोडायच्या. चार-पाच वर्षांत शाळेजवळ स्वतःचा छोटा शेपर्ड तयार होईल.

बाईंचे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांनी संस्थेला दुसरे पत्र लिहिले. त्यात २००४ च्या निवाड्याचा पत्ता होता, त्याखाली २००९ ची दुरुस्ती आणि त्याखाली २९ ऑगस्ट २०२२ चा निवाडा. वाद घालणारे एकही वाक्य नव्हते, फक्त तारखांचा क्रम होता. पुढे बरीच ये-जा झाली, पण वर्षभराने रक्कम मिळाली. ती झेरॉक्स मात्र त्यांनी टाकून दिलेली नाही. तिच्या समासात त्यांनी स्वतःच्या हाताने दोन चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. परवा भेटल्या तेव्हा सांगत होत्या, की सामाजिक सुरक्षा संहितेची तिसरी चिठ्ठीही लावली आहे, दुसऱ्या कोणा शिक्षिकेला ती झेरॉक्स लागली तर.